शिवणवर्ग नसलेल्या शिवणवर्गाची पाटी

दारावरची पाटी वाचून निर्धास्त आत जाणाऱ्या सज्जनहो, पाटीलाही खोटे बोलावे लागते, असे तुमच्या कधी मनात आले आहे काय?

आले नसेल. पाटीला स्वतःचे तोंड नसते. जे लिहिले जाईल तेच तिने येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मी अशीच एक पाटी बोलते आहे. माझ्या अंगावर ‘शिवणवर्ग’ असे लिहिले होते, आणि ज्या दारावर मी टांगलेली होते त्या दाराआड एकालाही धड टाका घालता येत नव्हता.

जन्माने मी पाटी नव्हे. मी एक फळी. माझे तारुण्य प्रार्थनामंदिरातल्या तिसऱ्या बाकावर गेले. तेथे मी पुष्कळ प्रवचने ऐकली, अर्थात खालून. सत्य बोलावे, दुसऱ्याचे दुःख ऐकून घ्यावे, केलेल्या उपकाराचा डांगोरा पिटू नये, हे मला पाठ झाले. माझ्यावर बसणाऱ्यांना झाले नाही, कारण त्यांतले पुष्कळ जण तेव्हा झोपलेले असत. माणूस देवासमोर जितका गाढ झोपतो तितका स्वतःच्या अंथरुणातही झोपत नाही. झोपेबद्दल मी कोणाला दोष देत नाही. घोरण्याबद्दल देते.

या झोपणाऱ्यांत मालक अग्रणी होते. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांची दुमजली इमारत होती. वर ते आणि मालकीणबाई राहत, मागच्या खोल्यांत भाडेकरू असत. देह भव्य, आवाज त्याहून भव्य. एका सकाळी मंदिराच्या ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, “या कार्याला हातभार कोण लावील?” मालक दचकून जागे झाले, “मी!” म्हणून उठले आणि तितक्याच जोराने खाली बसले. बाक मोडला. मालक जमिनीवर आणि मी त्यांच्यावर, अशा अवस्थेतच त्यांनी जाहीर केले की बाक ते स्वतः दुरुस्त करून देतील. सर्वांनी वाहवा केली. मला त्यांच्या तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत आणून टाकण्यात आले. तेथे मी पडून राहिले. वाहवा होऊन गेली होती. दुरुस्तीला आता कारण उरले नव्हते.

एके दिवशी त्या खोलीचे दार उघडले आणि दोन बायका भांडत आत आल्या.

एक वन्सं आणि दुसऱ्या वहिनी. अर्थात नणंद आणि भावजय. वन्सं टपाल कचेरीत जन्मभर शिक्के मारून निवृत्त झालेल्या. बोलताना वाक्य संपले की त्या मूठ आपटीत, जणू ते वाक्य आता कोणालाही परत घेता येऊ नये. वहिनींच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. त्यांचा नवरा बोटीवर नोकरीला होता. वर्षाचा बराच काळ त्याला घरापेक्षा समुद्र अधिक दिसे. म्हणून आजारपण काढायला वन्सं येऊन राहिल्या. त्यापूर्वी दोघींत एका कढईवरून अबोला होता. अबोला धरून शुश्रूषा होत नाही, म्हणून वन्संनी अबोला सोडला. कढईवरचा हक्क मात्र सोडला नाही.

“दवाखान्याच्या व्हरांड्यात मी काय काय पाहिलं, ऐकाल तर थक्क व्हाल,” वन्सं मालकांना सांगत होत्या. “भूल देणार आहेत, तर जेवून यायचं की उपाशी, हे एक बाई लिफ्टवाल्याला विचारत होती. तो म्हणाला, थोडंसं खाऊन या. तिला ऑपरेशनच्या दारातून परत पाठवलं! डॉक्टरांना वेळ नाही, घरच्यांना माहिती नाही, आणि शेजाऱ्यांना सगळंच माहीत आहे. यांच्यामधे कुणीतरी बसायला हवं.” मूठ माझ्यावरच आपटली.

दोघींना एक खोली हवी होती. आजारी बाईने, तिच्या नवऱ्याने, मुलांनी, सासूने, कोणीही तेथे यावे. विचारायचे ते विचारावे, रडायचे तर रडावे, चहा घ्यावा. तपासणीला कोणी सोबत जाईल, कोणी मुले सांभाळील. पगार कोणालाच नाही. सर्व काम स्वखुशीचे.

“खोली देतो,” मालक म्हणाले. “भाडं नको. पण दारावर त्या रोगाचं नाव नको.”

“का?”

“का म्हणजे? वर आम्ही राहतो.”

“कॅन्सर काही जिना चढून येत नाही, मालक,” वहिनी म्हणाल्या.

मालकांनी उगाचच जिन्याकडे पाहिले. “आणि ते दुसरं नाव तर मुळीच नको. ते... अवयवाचं.”

“स्तनाचं?” वन्संनी विचारले.

मालकांनी धावत जाऊन रस्त्याकडचे दार लावून घेतले. परत आल्यावर कपाळ पुसत ते म्हणाले, “शिवणवर्ग लिहा. बायका येतील, जातील, कुणाला काही वाटायचं नाही. मंदिरातही सांगायला बरं, गरीब बायकांना शिवण शिकवायला खोली दिली म्हणून.”

खोलीवाचून काम अडले होते. वन्सं “बरं” म्हणाल्या. त्या वेळी मात्र त्यांनी मूठ आपटली नाही.

रंगाऱ्याला फळी हवी होती, त्याला मी सापडले. त्याने मला घासले, पांढरा रंग दिला आणि निळ्या अक्षरांत ‘शिवणवर्ग’ असे लिहिले. खाली मालकांच्या सांगण्यावरून ‘फक्त महिलांसाठी’. सत्यावरची इतकी प्रवचने ऐकलेल्या फळीच्या अंगावर दोन ओळी, आणि दोन्ही खोट्या!

असत्याचे फळ लगेच मिळाले. ज्यांना शिवण शिकायचे होते ते आत येऊ लागले आणि ज्यांनी यायला हवे होते ते परत फिरू लागले.

पहिल्याच दिवशी एक आजी आल्या. “नातीचा फ्रॉक बेतायला शिकवता का?”

“नाही,” वन्सं म्हणाल्या. त्या खोटे बोलत नसत.

“मग झबलं?”

“तेही नाही.”

“अगं बाई! मग इथे शिकवता तरी काय?”

“बसायला,” वहिनी म्हणाल्या. “या ना. चहा घेता?”

आजी बसल्या, त्या कायमच्याच. येणाऱ्यांची मुले सांभाळण्याचे काम त्यांनी कोणी न सांगता उचलले.

पण एका दुपारी एक तरुण स्त्री आणि तिचे सासरे आले. त्यांच्या हातात दवाखान्याची मोठी पिशवी होती. सासऱ्यांनी मला वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. “इथे नाही गं बाळ,” ते म्हणाले, “इथे शिवण शिकवतात.” ती म्हणाली, “बाबा, जाऊ या घरी. दमले मी.” दाराच्या आत, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, वन्सं बसल्या होत्या. बाकाच्या फळीला निदान करकरता तरी येते. दारावर ठोकलेल्या पाटीला तेवढेही येत नाही. ती दोघे रस्त्याच्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेली. पुन्हा आली नाहीत.

तरीही खोली भरत गेली. वन्संनी दवाखान्यात तोंडी सांगून ठेवले होते की शिवणवर्गाच्या दारात बिनदिक्कत शिरा. एक ट्रकवाले काका येऊ लागले. त्यांच्या बायकोला औषधाची सुई घेतल्यावर घरापर्यंतचा प्रवास सोसत नसे. ती आतल्या खाटेवर झोपे आणि काका सर्वांसाठी चहा करीत. खोलीचा नियम एकच होता. “धीर धरा, सगळं ठीक होईल,” असे जो म्हणेल त्याने सर्वांच्या कपबश्या घासायच्या. हा नियम वहिनींचा. आजारपणात हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकले होते की शस्त्रक्रियेपेक्षा त्याचाच त्रास अधिक झाला, असे त्या म्हणत. पहिल्या आठवड्यात कपबश्या आजींनीच घासल्या.

मालकांना मात्र शंका आली. ते जिन्यात उभे राहून विचारीत, “बाई, वर्ग चालू आहे ना? मशीनचा आवाज कसा येत नाही?”

आजींनी घरातले जुने शिलाईचे यंत्र आणून खिडकीशी ठेवले. त्यात दोरा नव्हता, सुईही नव्हती. वहिनी त्याच्या पायट्यावर पाय ठेवून ते खडखडवीत बसत. “डॉक्टरांनी हाताला विश्रांती सांगितलीय,” त्या म्हणत, “पायाला नाही.” तो खडखडाट ऐकत मालक वर सुखाने वामकुक्षी घेत. दानाचा आवाज कानी पडला की दात्याला झोप चांगली लागते.

एकदा त्यांनी ट्रकवाल्या काकांना दारात अडवले. “हा बुवा इथे काय करतो? महिलांसाठी आहे ना वर्ग?”

“काजं करतात ते,” वहिनी आतून म्हणाल्या. “हात बसलाय त्यांचा.”

काकांनी चहाचे गाळणे पाठीमागे लपवले.

आणि मग एक दिवस मालकीणबाई खाली आल्या. हातात कापडाचा तुकडा होता.

“मला शिवण शिकायचंय,” त्या म्हणाल्या.

वन्संनी सरळ सांगितले, “बाई, आम्हाला शिवता येत नाही.”

“ठाऊक आहे. तुमचा केर मी रोज खिडकीतून बघते. इतक्या दिवसांत त्यात एक चिंधी दिसली नाही. असला कसला शिवणवर्ग!” त्यांनी दार लोटले. वहिनींचा पाय आपोआप थांबला. “थांबवू नका,” मालकीणबाई हळूच म्हणाल्या. “ते वर जागे आहेत.”

यंत्र पुन्हा खडखडू लागले, आणि त्या खडखडाटात त्यांनी सांगितले. डाव्या बाजूला गाठ होती. पुष्कळ दिवसांपासून होती. वाढत होती.

“घरात बोललात?” वन्संनी विचारले.

“बोलले ना. हे म्हणाले, आपल्या घरात तसलं काही नसतं. कुणाजवळ बोलू नकोस. नाही बोलले.”

“हे कधीचं?”

“तुम्ही खोली मागायला आलात ना, त्याच्या आधीचं.”

म्हणजे ज्या माणसाने माझ्या अंगावर खोटे लिहविले, त्याला खरे काय ते ठाऊक होते. ज्या नावाला तो दारावर येऊ देत नव्हता, ते नाव त्याच्या घरात आधीच शिरले होते. नाव बाहेर ठेवले म्हणजे रोगही बाहेर राहील, असा त्याचा हिशेब होता. असे हिशेब मी बाकावरही पुष्कळ ऐकले होते, पण त्यांत दुसऱ्याचा जीव पणाला लागलेला नव्हता.

“धीर धर गं,” आजी पुटपुटल्या, आणि कोणी बोट दाखवण्याआधीच उठून कपबश्या गोळा करू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून मालकीणबाई दुपारी ‘शिवणाला’ जाऊ लागल्या. मागच्या दाराने वन्सं त्यांना दवाखान्यात नेत. एक तपासणी झाली, दुसरी झाली. कर्करोगच निघाला. अजून वेळ गेलेली नाही, पण आता एक दिवसही दवडू नका, असे डॉक्टरांनी बजावले. गुरुवारचे ऑपरेशन ठरले.

“आज घरी सांगा,” वन्सं म्हणत.

“उद्या सांगते,” मालकीणबाई म्हणत.

त्याआधी मालकच बोलले. रविवारी मंदिराचे विश्वस्त खोली पाहायला येणार होते. “इतके दिवस शिकतेस,” ते जिन्यात उभे राहून बायकोला म्हणाले, “रविवारी मला तुझ्या हातचा सदरा अंगात हवा. चारचौघांत दिसायला नको? नाहीच जमलं तर कशाला हवा वर्ग? कुलूप घालतो खोलीला, तूही वर बस.”

हे ऐकून खोलीत कोणाला काही सुचेना. आजींना झबलेही येत नव्हते. वहिनींना फक्त पायटा मारता येत होता.

“मी शिवतो,” ट्रकवाले काका म्हणाले.

“तुम्हाला येतं?”

“ताडपत्री शिवतो. फाटली की कोण येतंय रस्त्यात शिवून द्यायला?”

“पण हे फसवणं झालं,” वन्सं म्हणाल्या.

“गुरुवारपर्यंत एवढं चालवून घ्या, वन्सं,” मालकीणबाई म्हणाल्या. “मग माझी मी बघते.”

वन्संना ते पटले नाही. मलाही पटले नाही. पण आम्हा दोघींना सदरा शिवता येत नव्हता.

काकांनी मालकांचे माप घेतले नाही. “भरलेल्या मालाचा अंदाज असतो मला,” ते म्हणाले. दाभणाएवढ्या सुईने त्यांनी सदरा शिवला. तो अंगात घातला की दोन्ही हात खांद्यापासून दूरच राहत, जणू माणूस भेटेल त्याला मिठी मारायला निघाला आहे. मालकांनी आरशात पाहिले आणि शिवण ओढून पाहिली. “दणकट आहे!” ते म्हणाले.

रविवारी विश्वस्त आले. मालक हात पसरून माझ्याखाली उभे राहिले. “ही पाटी पाहा. आपल्याच मंदिराच्या बाकाची फळी! मी तिचं सोनं केलं.”

“बाक दुरुस्त करून देणार होतात ना?” ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले.

“आत चला, आत चला,” मालक म्हणाले. “बाई, दाखवा यांना काहीतरी शिवून!”

वहिनींनी पायटा मारला. यंत्र जोरात खडखडले. ज्येष्ठ विश्वस्त वाकले, त्यांनी चष्मा लावला आणि पुष्कळ वेळ पाहून म्हणाले, “यात दोरा नाही.” आणखी वाकून ते म्हणाले, “सुईही नाही.”

मालक गोंधळले. “मग हा सदरा कुणी शिवला?”

“मी,” स्टोव्हजवळून काका म्हणाले. “मुसळधार पावसात उभे राहा, थेंब आत आला तर सांगा.”

“फसवणूक!” मालक गरजले. “माझ्याच छपराखाली फसवणूक! आजच्या आज खोली रिकामी करा!” त्यांना दाराकडे बोट करायचे होते, पण हात तेवढा वळेना. तो कपाटाकडे रोखलेला राहिला.

रस्त्यावर लोक थांबले. मागच्या खोल्यांतले भाडेकरू बाहेर आले. खोली गेली असती तर गुरुवारही गेला असता, हे आत प्रत्येकाला ठाऊक होते. तेव्हा मालकीणबाई उठल्या आणि उंबरठ्यावर, बरोबर माझ्याखाली येऊन उभ्या राहिल्या.

“हा शिवणवर्ग नाही,” त्या म्हणाल्या. “स्तनाचा कर्करोग ज्यांच्या घरात आलाय, त्या घरांसाठी ही खोली आहे. मला झालाय तो. गुरुवारी माझं ऑपरेशन आहे.”

“अगं हळू! लोक ऐकतायत!”

“ऐकू देत. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत, म्हणून आता लोकांना सांगतेय.”

मालक पायरीवर बसले. या वेळी काही मोडले नाही. ते म्हणाले, आणि इतक्या लहान आवाजात मी त्यांना कधी ऐकले नव्हते, “मला भीती वाटली गं.”

“मलाही वाटली,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही मला ती एकटीला वाटू दिलीत.”

ज्येष्ठ विश्वस्त खाकरले आणि गंभीरपणे म्हणाले, “ताई, धीर धरा. देवकृपेने सगळं ठीक होईल.”

आजींनी त्यांच्यासमोर कपबश्यांचे घमेले आणून ठेवले. विश्वस्तांना नियम समजावून सांगण्यात आला. त्यांनी बाह्या वर केल्या. कपबश्या स्वच्छ निघाल्या, हे त्यांच्या बाजूने नमूद करणे मला भाग आहे.

“आणि खोलीचं काय?” वन्संनी विचारले.

“खोली राहील,” मालकीणबाई म्हणाल्या. “पाटी बदलेल.” मालकांनी मान हलवली. दुसरे काही करण्याजोगे त्यांच्या हाती नव्हतेच.

रंगाऱ्याने मला उतरवले आणि जुनी अक्षरे खरवडून काढली. ते सोसताना मला दुःख झाले नाही. आता माझ्यावर लिहिले आहे: ‘स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्यांच्या कुटुंबांसाठी मदत केंद्र. कोणीही यावे.’ आज मी खोलीत भिंतीला टेकून उभी आहे. माझे मागणे थोडे आहे. तुमच्या घरातली बाई तुम्हाला काही सांगू लागली, तर ऐका. लोक काय म्हणतील याचा विचार नंतर करा. लोक थांबतात, गाठ थांबत नाही.

राहिला मालकांचा दंड. तो मालकीणबाईंनी ठरवला. माझा रंग वाळून मी पुन्हा दारावर चढेपर्यंत माझ्या जागी मालकांनी उभे राहायचे, आणि येईल त्याला या खोलीत काय चालते ते तोंडाने सांगायचे, पूर्ण शब्दांत.

पहिल्या सकाळी दूधवाला आला. मालक म्हणाले, “इथे ते... बायकांचं... वरच्या बाजूचं...”

“ऐकू आलं नाही!” वन्सं आतून ओरडल्या, आणि मूठ आपटल्याचा आवाज आला.

मालकांनी डोळे मिटले आणि सगळे म्हणून टाकले. दूधवाला शांतपणे म्हणाला, “माझ्या बहिणीलाही आहे. उद्या घेऊन येऊ?”

गुरुवारी मालकांना सुट्टी मिळाली. तो दिवस त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात काढला आणि, वन्सं सांगतात, क्षणभरही झोपले नाहीत. ऑपरेशन नीट झाले. पुढचे उपचार चालू आहेत. मालकीणबाई डोक्याला रुमाल बांधून रोज खाली येतात.

मी केव्हाच वाळले आहे. रंगाऱ्याने तसे देवाची शपथ घेऊन सांगितले. पण मी वाळले की नाही हे ठरविण्याचा अधिकार मालकीणबाईंकडे आहे. त्या रोज सकाळी माझ्या कोपऱ्यावर बोट टेकवतात, ते बोट निरखून पाहतात आणि म्हणतात, “ओला आहे अजून.” मालक घसा साफ करतात आणि दारात जाऊन उभे राहतात.